वेंडेल बॉमनच्या आवाजातला फोन

नोरीन बॉमनच्या स्वयंपाकघरात भिंतीवरचा जुना फोन अजून चालू होता. एल्डन गावातल्या बहुतेकांनी आपापले फोन केव्हाच काढून टाकले होते, पण हा नंबर वेंडेलच्या नावावर होता आणि तो बंद करायला तिचा हात होत नव्हता. वेंडेलला जाऊन दुसरं वर्ष चाललं होतं.

ऑक्टोबर सरत आला होता. सकाळची वेळ. सिंकपाशी उभी राहून ती भाजायच्या भोपळ्याच्या बिया धूत होती, तेवढ्यात फोन वाजला. तिने ओल्या हातानेच तो उचलला.

"नमस्कार मंडळी," पलीकडून वेंडेल म्हणाला. "मी वेंडेल बॉमन बोलतोय."

नोरीनने त्याला उत्तर दिलं. पुढे कितीतरी दिवस तिला सगळ्यात जास्त लाज वाटत राहिली ती याचीच. डोक्यात काही येण्याआधी तोंडातून निघून गेलं होतं, "अरे, कुठे आहेस तू?"

आवाज थांबला नाही. तिचं बोलणं तुडवून तो तसाच पुढे गेला. येत्या मंगळवारी शाळेसाठी घरपट्टी वाढवायची की नाही यावर मतदान आहे, असं तो म्हणाला. या गावावर मी जन्मभर जीव लावला, म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या घरांवर हा बोजा पडलेला मला बघवत नाही. "तेव्हा 'नाही' म्हणा मंडळी. शेवटच्या मिनिटाला चेंडू हातातून सोडू नका." मग एक खट्ट आवाज झाला आणि पलीकडे काहीच उरलं नाही.

तो आवाज त्याचाच होता, याबद्दल तिच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. वेंडेलचा पोटापाण्याचा धंदा विमा विकण्याचा, पण गाव त्याला ओळखायचं ते शुक्रवारच्या संध्याकाळींसाठी. शाळेच्या मैदानावरून अमेरिकन फुटबॉलच्या सामन्यांचं वर्णन तो रेडिओवरून करायचा, आणि सोयाबीनच्या कापणीत अडकलेली माणसं ट्रॅक्टरवर बसून ते ऐकायची. 'मंडळी' म्हणताना तो पहिल्या अक्षरावर किंचित रेलायचा. फोनवरच्या माणसानेही तसंच केलं होतं.

नोरीनला वाटलं, आपल्याला पक्षाघाताचा झटका आलाय. दवाखान्यातल्या बाईने शिकवलं होतं त्याप्रमाणे न्हाणीघरातल्या आरशासमोर जाऊन तिने हसून पाहिलं, दोन्ही हात वर करून पाहिले. तोंड वाकडं झालं नव्हतं. हात दोन्ही सारखेच वर गेले, आणि बाहीतून पाणी ओघळून कोपरापर्यंत आलं. मग ती तिथेच टबाच्या काठावर बसली.

थोड्याच वेळात मागच्या दारातून शेजारची बर्निस आत आली. घरातल्या सपाता तशाच पायात, केसाला रोलर लावलेले. नोरीनचा चेहरा बघून ती दारातच थबकली.

"तुलाही आला?" बर्निसने विचारलं. "म्हणजे तुलासुद्धा केला त्यांनी?"

फोन गावात घरोघरी गेला होता. बर्निसला तिच्या नातवाने पूर्वी एकदा समजावून सांगितलं होतं, ते तिने आता नोरीनला सांगितलं. हल्ली एखाद्याचं बोलणं कॉम्प्युटरला पुरेसं ऐकवलं, की तो त्या माणसाच्या आवाजात आपण लिहून देऊ ते बोलतो. माणूस जिवंत असायलाच हवा असं नाही. बर्निस हे हळू आवाजात सांगत होती, जणू वेंडेल शेजारच्या खोलीत झोपला होता.

"पण इतकं बोलणं त्यांना मिळालं कुठून?" नोरीन म्हणाली.

बर्निसला ते ठाऊक नव्हतं. रेडिओवाल्यांनी असेल, असं ती म्हणाली. पण नोरीनला ठाऊक होतं की तिथे काहीच जपून ठेवलेलं नव्हतं. स्टेशन विकलं गेलं तेव्हा नव्या मालकाने जुन्या कॅसेटी कचऱ्याच्या गाडीत टाकल्या होत्या. वेंडेल स्वतः जाऊन त्या खोक्यांत भरून घरी घेऊन आला होता. सगळ्या जगात त्या एकाच ठिकाणी होत्या, तिच्या तळघरात.

बर्निस गेल्यावर ती तळघरात उतरली. लोणच्याच्या बरण्यांशेजारचा फळीचा तो भाग मोकळा होता. उन्हाळ्यात कर्टने खोकी नेली होती. या कॅसेटी खराब होतील, मी त्या सगळ्या कॉम्प्युटरवर घेऊन ठेवतो, असं म्हणाला होता. तिने त्याला खोकी गाडीपर्यंत न्यायला हात लावला होता आणि वर डबाभर कुकी दिल्या होत्या.

कर्ट तिचा एकुलता एक मुलगा.

तिला राग यायला हवा होता. पण तेव्हा तिला फक्त थंडी वाजत होती. तिने वेंडेलचा जाड कोट अंगावर चढवला आणि गाडी काढली. रस्त्यावर घराघरापुढे प्रचाराच्या पाट्या रोवलेल्या होत्या. पूर्वी निवडणूक आली की एखाददुसरी दिसायची आणि निवडणूक सरली की निघून जायची. अलीकडे त्या वर्षभर तशाच असत, आणि कुणाच्या अंगणात कुठल्या रंगाची पाटी आहे यावरून कुणाच्या घरी केक न्यायचा आणि कुणाच्या नाही हे ठरे. शाळेच्या घरपट्टीचा खरं तर दोन्ही पक्षांशी काही संबंध नव्हता. तरी घरपट्टीही त्या भांडणात ओढली गेली होती. चर्चमध्ये जी बाकं पूर्वी भरलेली असत, त्यांच्यामध्ये आता मोकळ्या जागा दिसत.

घर गरम ठेवणाऱ्या भट्ट्या आणि एसी दुरुस्तीचं कर्टचं दुकान गावाच्या टोकाला होतं. तो शेडमध्ये एका पंख्याची मोटर उघडून बसला होता. आईच्या अंगावर बाबांचा कोट पाहून तो उठला आणि हात पुसत राहिला, पुसून झाले तरी पुसतच राहिला.

"मी तुला सांगणारच होतो, आई."

"कधी?"

"मंगळवार झाल्यावर." तो खाली बघत होता. "तुझा नंबर मी यादीतून काढायला सांगितला होता. मोबाइलचा काढला त्यांनी. घरचा राहिला. त्या नंबरवर अजून कुणी फोन करत असेल हे माझ्या ध्यानातच आलं नाही."

घरपट्टीविरुद्ध गावात जी समिती होती, तिचा तो खजिनदार होता. समितीतल्या कुणाच्या ओळखीचा एक माणूस कोलंबस शहरात असे आवाज बनवायचं काम करत होता. कर्टने कॅसेटी दिल्या, त्या माणसाने आवाज तयार केला. काय बोलायचं ते कर्टने स्वतः लिहिलं. लिहिताना रडू आलं, असंही त्याने सांगून टाकलं. ते खोटं नसावं असं तिला वाटलं, आणि म्हणूनच ते ऐकवेना.

"मी त्याला उत्तर दिलं, कर्ट," ती म्हणाली. "मी त्याला विचारलं, कुठे आहेस म्हणून. आणि तो घरपट्टीबद्दल बोलत राहिला."

कर्टने स्टूल ओढून घेतलं आणि त्यावर बसला. पण त्याचं म्हणणं त्याने सोडलं नाही. गेल्या हिवाळ्यात पैसे वाचवायला तू वरच्या खोल्यांची भट्टी बंद ठेवलीस, तो म्हणाला. मला तू सांगितलं नाहीस, मी गॅसचं मीटर बघायला आलो तेव्हा मला कळलं. तुझ्यासारख्या किती जणी आहेत या गावात. बाबा असते तर ते हेच बोलले असते, फक्त ते नाहीत एवढाच फरक आहे.

"बाबांनी मला शाळेच्या विरुद्ध मत द्यायला सांगितलं असतं होय?" तिने वीस वर्षं त्याच शाळेच्या ग्रंथालयात काढली होती. "त्यांनी?"

कर्टने हात पुसायचं फडकं गुंडाळून बाजूला ठेवलं. मग म्हणाला, "मागच्या वेळी बाबांनी 'नाही'वरच मत दिलं होतं, आई. मला ट्रकमध्ये सांगितलं होतं. तुला सांगू नकोस म्हणाले होते, तुला वाईट वाटेल म्हणून."

सकाळच्या फोनपेक्षा हे तिला जास्त लागलं. त्या दिवशी वेंडेल आणि ती एकाच गाडीतून मतदानाला गेली होती. येताना दोघांनी डायनरमध्ये ॲपल पाय खाल्ला होता. तेव्हा घरपट्टी थोडक्यात मंजूर झाली, ग्रंथालय वाचलं, आणि निकाल ऐकल्यावर वेंडेलने तिच्या खांद्यावर थोपटलं होतं. त्या थोपटण्याचा अर्थ तिने आजवर एक धरला होता. आता तो तिला लावता येईना. कर्ट खरं बोलत होता की आपली बाजू सावरायला आणखी एक वाक्य वेंडेलच्या तोंडी घालत होता, हे विचारायला जगात एकच माणूस होता, आणि आज सकाळपासून त्याला कुणीही काहीही बोलायला लावू शकत होतं.

ती गाडीत जाऊन बसली. कर्ट दुकानाच्या दारात उभा होता.

दुसऱ्या दिवशी शाळेच्या मुख्य अधिकारी डायना रुइझ तिच्याकडे आल्या. बाई बाहेरच्या राज्यातून आलेल्या, हुशार आणि थकलेल्या. त्यांनी आधी खूप हळहळ व्यक्त केली. मग म्हणाल्या, रविवारी शाळेच्या जिममध्ये सभा आहे, तुम्ही आलात आणि वेंडेल शाळेच्या बाजूचे होते एवढं सांगितलंत तर लोकांना खरं काय ते कळेल. त्यांनी एका कागदावर चार ओळी लिहूनही आणल्या होत्या.

नोरीनने त्या वाचल्या. ओळी चांगल्या होत्या. 'माझे पती नेहमी म्हणत' अशी त्यांची सुरुवात होती.

"तो असं कधी म्हणाला नव्हता," नोरीन म्हणाली.

"पण त्यांच्या मनात तेच असणार ना, मिसेस बॉमन?"

नोरीनने कागद त्यांच्याकडे परत दिला. सभेला येते, पण काय बोलायचं ते मी ठरवीन, असं तिने सांगितलं. रुइझबाई गेल्यावर तिने दाराची कडी लावली. वेंडेल जिवंत होता तेव्हा त्याच्या मताची एवढी मागणी तिने कधी पाहिली नव्हती.

शेरीफच्या कचेरीतूनही एक अधिकारी येऊन गेला. तक्रार लिहून दिलीत तर चौकशी सुरू होईल, असं त्याने सांगितलं. कुणाचा संशय आहे का, असंही विचारलं. नोरीनने त्याला कॉफी दिली आणि तक्रार दिली नाही. खोटं मात्र ती बोलली नाही. एवढंच म्हणाली की याबद्दल मला आधी गावाशी बोलायचं आहे.

रविवारी चर्चनंतर जिम भरली. बंदिस्त मैदानाभोवतीच्या लाकडी पायऱ्यांवर एका बाजूला एक गट, दुसऱ्या बाजूला दुसरा, जणू सामनाच होता. कर्ट त्याच्या समितीबरोबर मागे भिंतीला टेकून उभा होता. नोरीन माइकपाशी गेली तेव्हा कुजबूज आपोआप थांबली. पुढच्या बाकावर अर्ल पिकेट बसला होता. वेंडेलबरोबर तो इतकी वर्षं रेडिओवर सामन्यांचे आकडे सांगायचा. त्याने टोपी काढून मांडीवर ठेवली.

ती फार बोलली नाही. "तुम्हाला फोन आला तो वेंडेलचा नव्हता," ती म्हणाली. "तो माझ्या घरच्या कॅसेटींमधून बनवलेला आवाज होता. घरपट्टीवर वेंडेलने काय मत दिलं असतं, हे मला माहीत नाही. मला वाटायचं की माहीत आहे. तो तुमच्या बाजूचा होता असं मी इथे कुणाला सांगणार नाही, तुम्हाला नाही आणि तुम्हालाही नाही." तिने पायऱ्यांच्या दोन्ही बाजूंकडे पाहिलं. "तो मेलाय. त्याचं मत आता मोजायचं नाही. तुमचं तुम्ही ठरवा."

कुणीतरी मागून ओरडून विचारलं, हे केलं कुणी?

तिला हा प्रश्न येणार हे ठाऊक होतं. तिने रात्रंदिवस त्याचाच विचार केला होता, तरी उत्तर तयार झालं नव्हतं. "ज्याने केलं तो इथेच आहे," ती म्हणाली. "आणि तो माझा आहे. त्यामुळे ते माझ्यावरच आलं. माफ करा."

जिममधल्या एकूण एक माणसाने मागे वळून पाहिलं. कर्टचा चेहरा आधी लाल झाला, मग पांढरा फटक. त्याच्या शेजारी उभी असलेली समितीची माणसं एकेक पाऊल बाजूला सरकली. हे सगळं तिच्या डोळ्यांसमोर घडलं आणि तिला ते थांबवता आलं नाही. तो दार ढकलून बाहेर निघून गेला.

खाली उतरताना अर्ल पिकेटने तिचा हात धरला. त्याचे डोळे ओले होते. "नोरीन, फोनवर साठलेला तो निरोप मी पुसलेला नाही," तो तिच्या कानाशी म्हणाला. "खोटा आहे हे पहिल्यांदा ऐकतानाच कळलं होतं मला. तरी रोज लावतो. मला पुसायला सांगू नकोस." तिने सांगितलं नाही.

सभेत कुणीतरी तिचं बोलणं मोबाइलवर टिपून गावाच्या ऑनलाइन ग्रुपवर टाकलं. सोमवारी सकाळी बर्निसने ते तिला दाखवलं. नोरीनला पडद्यावर स्वतःचाच म्हातारा चेहरा दिसला, आणि त्याखाली लोकांनी लिहिलेलं. पहिल्या काही जणांनी सहानुभूती दाखवली होती. मग एकाने लिहिलं होतं की ओठ नीट बघा, जुळत नाहीत, हा व्हिडिओ बनवलेला आहे. दुसऱ्याने लिहिलं, ज्यांनी नवऱ्याचा आवाज बनवला तेच आता बायको बनवताहेत. तिसरा म्हणाला की मी मिसेस बॉमनला लहानपणापासून ओळखतो, त्या स्वतःच्या मुलाला असं चारचौघांत कधीच उघडं पाडणार नाहीत.

तो तिसरा लहानपणी ग्रंथालयात येऊन बसायचा. तिला तो नीट आठवत होता.

दुपारी ती दूध आणायला किराणा दुकानात गेली. पैसे घेणारी मुलगी तिच्याकडे एकटक बघत होती. शेवटी तिने विचारलं, "मिसेस बॉमन, कालच्या त्या तुम्हीच होतात ना? खरंच? माझी आई म्हणते, नव्हतात."

नोरीन दुधाचा डबा हातात घेऊन उभी राहिली. मी हो म्हटलं तर हिला पटेल, ती मनात म्हणाली, कारण मी समोर आहे. पण ही घरी जाऊन आईला सांगेल तेव्हा ते आईला पटेल का? मागे रांग थांबली होती. "हो, मीच होते," ती म्हणाली. मुलीने मान डोलावली, पण ती मान जशी हलायला हवी तशी हलली नाही.

मंगळवारी घरपट्टीची वाढ नामंजूर झाली. फरक मोठा होता. फोनमुळे झाली की त्याशिवायही झाली असती, हे कुणालाच सांगता येणार नव्हतं, आणि तरी सगळे ठामपणे सांगत होते. नाताळच्या सुट्टीनंतर ग्रंथालयाला कुलूप लागेल, असं जाहीर झालं. शेरीफच्या कचेरीतून कर्टला एकदा बोलावणं गेलं, नंतर काय झालं ते कळलं नाही. त्याची काही जुनी गिऱ्हाइकं सुटली. ज्यांच्या बाजूने तो होता त्यांच्यातल्याही काही जणांनी बोलणं टाकलं.

थँक्सगिव्हिंगच्या सणाच्या जेवणाला तो आला नाही. नोरीनने टर्की आणली नाही, सूप गरम केलं आणि बर्निसकडून आलेला ॲपल पाय तसाच झाकून ठेवला.

डिसेंबरात पहिला जाड बर्फ पडला त्या दुपारी त्याचा ट्रक दारात उभा राहिला. तो दार न वाजवता आधी अंगणातला बर्फ काढत राहिला. पायवाट मोकळी झाली, गाडीची जागा मोकळी झाली, मग पत्रपेटीपर्यंतचा रस्ताही. ती खिडकीतून बघत होती. काढायला काहीच उरलं नाही तेव्हा तिने दार उघडलं.

तो स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसला. तिने कॉफी दिली. त्याने कपाला दोन्ही हात लावले पण प्यायला नाही. माफी मागायला आलो, असं तो म्हणाला, आणि मागितलीही. मग थांबला. अजून काहीतरी होतं.

"आई, मला बाबा ऐकू येत नाहीत," तो म्हणाला. "म्हणजे आठवायला गेलो ना, की तेच ऐकू येतं. फोनवरचं. मीच टाइप केलेली वाक्यं. त्या दिवशी ट्रकमध्ये ते मला काय म्हणाले, ते आठवायला बसलो. तर ते त्याच आवाजात यायला लागलं, 'नमस्कार मंडळी'च्या आवाजात. ते तसं बोललेच नव्हते. आता खरंच काय बोलले होते, तेच मला सांगता येत नाहीये." त्याचा चेहरा लहान मुलासारखा झाला होता. "कदाचित ते फक्त म्हणाले होते की बघू. मला आता खरंच माहीत नाही."

नोरीन त्याच्याकडे बघत राहिली. ट्रकमधल्या त्या गोष्टीचा निकाल आता कधीच लागणार नव्हता, हे तिला कळलं. राग येईल असं वाटलं होतं, पण आली ती भीती, त्याच्यासाठी. तिच्यापाशी निदान घरातला वेंडेल होता. कर्ट लहानपणापासून शुक्रवारी घराच्या पायऱ्यांवर बसून रेडिओवरचाच वेंडेल ऐकत मोठा झाला होता.

ती खुर्ची ओढून त्याच्याजवळ बसली.

"घरात तो 'मंडळी' कधीच म्हणायचा नाही," ती म्हणाली. "घरात तो पुटपुटायचा. सकाळी खाली यायचा तर अर्ध्या जिन्यातूनच बोलायला लागायचा, निम्मं ऐकू यायचं नाही. मी म्हणायची, काय म्हणालास? तर म्हणायचा, काही नाही. रोज."

कर्टने कप बाजूला सरकवला.

"आणि तुला हाक मारताना त्याच्या तोंडात 'र' राहून जायचा. 'कट' म्हणायचा. चल जेवायला, कट."

तिने ते त्याच्यासारखं म्हणून दाखवायचा प्रयत्न केला. जमलं नाही, तिचा आवाज फार बारीक. कर्टने मान वर केली.

"परत म्हण," तो म्हणाला. "थोडं खालच्या आवाजात."

तिने घसा साफ केला आणि परत म्हटलं.